स्टार्टर बदलायच्या आधी हे वाच

अरे गाडी सेल्फ घेत नाही म्हणून लगेच स्टार्टर मोटर (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) बदलायला धावू नकोस, आधी सिस्टीम समजून घे. चावी फिरवली की थोडासा करंट रिलेमधून (करंटवर चालणारा छोटा स्विच) सोलेनॉइडला (स्टार्टरचा चुंबकी स्विच) जातो (क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच मध्ये असेल तर तोही बघ, क्लच न दाबता गाडी चालूच होत नाही म्हणून रडणारे पण असतात), मग सोलेनॉइड दोन कामं करतो, एक म्हणजे छोटं गिअर पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दात्यांत अडकवतो आणि दुसरं म्हणजे जाड कॉन्टॅक्ट जोडतो, त्यातून शेकडो अँपिअर थेट मोटरला.

आता आवाज ऐक. टकटकटकटक असं भराभर वाजतंय म्हणजे बहुतेक बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल ढिलं. एकदाच जोरात टक आणि पुढे काहीच नाही, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा मोटर, पण अर्थिंगची वायर (बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडी-इंजिनला जाणारी) खराब असली तरी हेच होतं, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत!

बॅटरीला मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लाव. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे चार्ज फुल, पण त्यावर खूश होऊ नको, कुणाला तरी सेल्फ मारायला सांग आणि तेव्हा बघ, साडेनऊच्या खाली आपटलं तर बॅटरीवरच संशय घे. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. आणि सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नको रे, मोटर जाम तापते.