साठ-सत्तर माणसांच्या कारखान्यात ‘कर्मचारी प्रथम’ ही कार्यसंस्कृती कशी रुजवावी?

आपण लिहिले आहे की भोसरीत आपले मशिनिंगचे युनिट आहे, वाढदिवसाला केक, वर्षातून एक सहल आणि ‘महिन्याचा उत्कृष्ट कामगार’ असा फलक हे सगळे करूनही आयटीआय झालेली मुले वर्ष-दीड वर्षात चाकणच्या मोठ्या कारखान्यांची वाट धरतात, आणि कर्मचाऱ्यांना अग्रक्रम देण्याची सुरुवात कुठून करावी हे समजत नाही. माझी नोकरी पिंपरी-चिंचवड परिसरातील कारखान्यांच्या कार्मिक विभागात झाली, त्यामुळे माझे उत्तर काहीसे रूक्ष वाटण्याची शक्यता आहे. माझ्या मते कारखान्यात कामगाराला खरे स्थान काय आहे, हे त्याचा रजेचा अर्ज किती दिवस आणि कोणाच्या टेबलावर पडून राहतो यावरून कळते. सहलीचे फोटो पाहून त्याचा अंदाज येत नाही.

पगाराबद्दल फार लिहीत नाही, कारण तो कायद्याचाच भाग आहे. पगार सात तारखेच्या आत, ओव्हरटाइम दुपटीने आणि भविष्यनिर्वाह निधीचा भरणा पंधरा तारखेपर्यंत झालाच पाहिजे. भरणा थकला तर कामगाराला तो मोबाइलवरच्या पासबुकात दिसतो, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याची चर्चा होते. त्यानंतर मालकाने केलेल्या कोणत्याही भाषणावर विश्वास बसत नाही.

रजेचा प्रश्न मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. चैत्रात खेड, जुन्नर, आंबेगावकडच्या गावांच्या यात्रा सुरू झाल्या की अर्धी पाळी रजा मागते, सुपरवायझर सर्वांचे अर्ज टेबलाच्या काचेखाली सारून ठेवतो आणि यात्रेच्या आदल्या दिवशी त्यातले आपल्या मर्जीतल्यांचे तेवढे मंजूर करतो. उरलेले विनापरवाना जातात, त्यांचा पगार कापला जातो आणि वर मेमोही मिळतो. छठपूजेसाठी बिहारला जाणाऱ्या मुलांची अडचण आणखी वेगळी आहे: रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी खुले होते, त्यांची रजा त्याच्याही आधी मंजूर झालेली नसेल तर त्यांच्या हाती वेटिंगचे तिकीट येते. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत यात्रा, ईद, गणपती, दिवाळी, छठ या सर्वांचे एकच रजापत्रक कामगारांसमवेत बसून तयार करावे, एका वेळी प्रत्येक विभागातून किती जण जाऊ शकतील ती संख्या आधी जाहीर करावी, आणि कोणाला कोणता सण सोडावा लागेल हे त्यांनाच आपापसात ठरवू द्यावे. एकदा हे पत्रक फलकावर लागले की ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार एका माणसाच्या मर्जीवर राहत नाही, आणि सुपरवायझरचीही रोजच्या कटकटीतून सुटका होते.

सुपरवायझरची निवड हा दुसरा भाग. आपल्याकडे मशीनचे उत्तम सेटिंग करणाऱ्या ऑपरेटरला बढती देऊन सुपरवायझर करण्याची पद्धत आहे. त्याला मशीन कळते, परंतु माणसे हाताळण्याचे शिक्षण कोणीच दिलेले नसते, आणि आपल्या जुन्या सुपरवायझरने जे आपल्याशी केले तेच तो पुढे चालू ठेवतो. विनीत नायर यांनी २००५ नंतर एचसीएल टेक्नॉलॉजीज या आयटी कंपनीचे प्रमुख म्हणून तेथे ‘कर्मचारी प्रथम, ग्राहक द्वितीय’ हे धोरण राबवले तेव्हा त्याचा रोख नेमका वरिष्ठांवर होता. वरिष्ठांविषयीचा हाताखालच्यांचा अभिप्राय त्यांनी कंपनीत खुला केला. शिवाय वित्त, मनुष्यबळ, प्रशासन या विभागांकडे कर्मचारी संगणकावर तक्रार नोंदवू शकत असे, आणि ती मिटली असे ठरवण्याचा अधिकार तक्रार करणाऱ्यालाच होता. आपल्याकडे संगणकप्रणालीची गरज नाही. एक जाड रजिस्टर पुरेल, फक्त शेवटच्या रकान्यात सही कामगाराची हवी.

कल्याणकारी सोयी दिल्या की काम झाले, असे अनेक सज्जन मालकांना वाटते. जमशेदपूरचा टाटांचा पोलाद कारखाना या बाबतीत विचार करायला लावणारा आहे. तेथे आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आला, जो देशातल्या कारखान्यांना १९४८ च्या कायद्याने लागू झाला; भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये आला, ज्याचा कायदा १९५२ चा. असे असूनही त्याच कारखान्यात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले. सोयी होत्या, पण म्हणणे मांडण्याची मान्य जागा नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावतो. पुढे १९५६ मध्ये युनियनबरोबर करार होऊन संयुक्त विचारविनिमयाची रीतसर व्यवस्था तेथे उभी राहिली. आपल्या युनिटमध्ये वीसपेक्षा जास्त कामगार आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंचे समान प्रतिनिधी असलेली तक्रार निवारण समिती कायद्यानेच असायला हवी, आणि स्त्रिया असोत वा नसोत, दहा किंवा अधिक माणसे असली की लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीही हवी. बहुतेक लहान युनिटांत या दोन्ही समित्या फाइलमध्येच भेटतात. तक्रार समितीची बैठक महिन्यातून एकदा, कामाच्या वेळेत आणि मालकाच्या केबिनबाहेर घ्यावी. पहिले काही महिने पंखा, संडास आणि चहा एवढेच विषय निघतील, ते निमूटपणे सोडवावेत, मग खरे विषय बाहेर येतात.

आपल्या प्रश्नात ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांचा उल्लेख नाही, परंतु पॅकिंग आणि लोडिंगला ते असणारच. कायम कामगारांना चांगले सेफ्टी शूज, आणि शेजारी तेच पत्रे उचलणाऱ्या कंत्राटी मुलाच्या पायात चप्पल, हे दृश्य मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. ठेकेदाराने त्यांचा पगार बुडवला तर कायद्याने जबाबदारी आपल्यावर येतेच. निदान बूट, हातमोजे, जेवणाची जागा आणि रजेचे पत्रक यांत तरी भेद ठेवू नये. रजिस्टरमध्ये तक्रार लिहिण्याचा अधिकार त्यांनाही असावा.

एवढे करूनही काही मुले चाकणला जातीलच. तेथे महिन्याला चार-पाच हजार जास्त मिळत असतील तर ती तफावत कोणत्याही संस्कृतीने भरून निघत नाही, आणि ती भरण्याची ऐपत नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे. जाणाऱ्यांकडून कारण समजून घ्यायचे असेल तर राजीनाम्याच्या दिवशी विचारू नका. त्या वेळी त्याला अनुभवाचा दाखला आणि फुल अँड फायनलचा, म्हणजे नोकरी सोडतानाचा अखेरचा, हिशेब हवा असतो, म्हणून तो ‘घरची अडचण’ एवढेच लिहितो. हिशेब वेळेत चुकता करावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी फोन करावा, शक्यतो त्याच्या सुपरवायझरव्यतिरिक्त दुसऱ्या कोणीतरी.