शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला गाडी दिली, काम झालं नाही, वर ओरखडा पडला आणि आता कोणी दाद देत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गाडी दीड वर्षाची, तिसरी फ्री सर्व्हिस, तरी बिल साडेअकरा हजार. ब्रेकचा किर्र आवाज होता तसाच, मागच्या दारावर नवा ओरखडा, आणि आवाजाबद्दल सर्व्हिस ॲडव्हायजर (तक्रार लिहून घेणारा) म्हणतो, "पावसाळ्यात सगळ्याच गाड्यांना येतो सर." शेवटी विचारलंय, बाहेरच्या गॅरेजला टाकली तर वॉरंटी जाईल का. एकेक बघू, पण आधी माझं ऐका, कारण तुमच्या ओरखड्याचं उत्तर त्यातच आहे.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि गेज. नट किती आवळायचा हे मला कुणी शिकवायला नको. तरी मी फसलो.

2022 चा जून. माझी पहिली पेड सर्व्हिस. हायवेवरचं सेंटर, सगळं काचेचं, आत एसी, कॉफीचं मशीन, टीव्हीवर आवाज बंद केलेली मॅच. सकाळी साडेनऊला ॲडव्हायजर टॅब घेऊन आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, "काही कम्प्लेंट सर?" मी सांगितलं, एसीला कुबट वास येतोय आणि गाडी डावीकडं ओढतेय. "करून घेतो सर, इथं सही." केली सही, बोटानंच, टॅबवर. वाचलं काय होतं? काही नाही. संध्याकाळी गाडी मिळाली ती चकाचक. डॅशबोर्डला पॉलिश, पायाखाली कागद, आत कसलातरी गोड वास. कुबट वास गेला म्हणून मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागं घेतली तर पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर बशीएवढा डाग. घरचे म्हणाले, एसीचं पाणी असेल. बोटाला लावून बघितलं तर बुळबुळीत, मधाच्या रंगाचं. नवं कोरं इंजिन ऑइल. डिपस्टिक काढून पाहिली, लेव्हल अजून ठीक होती, म्हणून तशीच हळूहळू उद्यमनगरात ओळखीच्या मिस्त्रीकडं नेली. तो खाली सरकला, बॅटरी मारली आणि तिथनंच बोलला, "साहेब, ह्यो वायसर बदललाच न्हाई. जुनाच हाय. आन् बोल्ट गननं मारलाय, चेंबरचं आटं गेल्यात बघा."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाखाली ऑइलचं भांडं असतं, ते चेंबर. ऑइल सोडायला त्याच्या तळाला एक बोल्ट असतो. त्याखाली मऊ धातूचं वायसर असतं, बहुतेक गाड्यांत ॲल्युमिनियमचं नाहीतर तांब्याचं. बोल्ट आवळला की ते चेपतं आणि फट बुजते. एकदा चेपलेलं वायसर दुसऱ्यांदा नीट बसत नाही, म्हणून दर वेळी नवं घालायचं. किंमत म्हणाल तर दोन चहांची. बोल्ट टॉर्कच्या पान्यानं, ठरलेल्या मापालाच आवळायचा. जुनं वायसर गळायला लागलं की घाईतला माणूस काय करतो? एअर गन लावून अजून आवळतो. बोल्ट लोखंडाचा, चेंबर माझ्या गाडीला ॲल्युमिनियमचं. आटे कुणाचे जाणार? आमच्याकडं असा पीस सापडला तर थेट रिजेक्शनच्या लाल क्रेटमध्ये जातो. इथं तो मला पॉलिश मारून परत दिला होता. त्याच आठवड्यात आम्ही गगनबावड्याला जाणार होतो. घाटात बोल्ट सुटला असता तर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागेपर्यंत इंजिनाच्या बेअरिंगांचं काय झालं असतं, हा विचार मी फार वेळ केला नाही.

मिस्त्रीनं मग न सांगताच ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि एसीचा फिल्टर ओढून बाहेर काढला. आमची गाडी गुलमोहराखाली लागते. फिल्टरच्या घड्यांत गुलमोहराची ती जिऱ्याएवढी पानं गच्च बसलेली, मध्ये एक वाळलेली पाकळी. बिलात काय? केबिन फिल्टर, एक नग. बसवायची मजुरी वेगळी, मजुरीवर 18 टक्के जीएसटी. नवा फिल्टर कुणाच्या गाडीत गेला देव जाणे. माझ्या वाट्याला आला तो नुसता सेंट.

बिल घेऊन परत गेलो. कालचा ॲडव्हायजर सुट्टीवर. दुसऱ्यानं कॉम्प्युटरवर जॉब कार्ड, म्हणजे काय काम करायचं त्याची नोंद, काढलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. "सर, वासाचं काही लिहिलेलं नाही. चाकांच्या अलाइनमेंटचंपण नाही." खरंच नव्हतं. "जनरल सर्व्हिस, बॉडी वॉश" एवढंच, आणि खाली माझी सही.

तुमच्या सगळ्या भानगडीचं मूळ इथं आहे असं माझं मत. उद्यमनगरातला मिस्त्री तुमचं ऐकतो आणि तोच गाडीखाली जातो. सर्व्हिस सेंटरला ऐकणारा वेगळा, करणारा वेगळा, धुणारा वेगळा, बिल करणारा वेगळा. गाडीखाली जाणारं पोरगं तुम्हाला कधी बघतच नाही. त्याला फक्त कार्ड दिसतं आणि बाहेर लागलेली गाड्यांची रांग. त्या पोरांवर मी फार चिडत नाही. पगार किती असतो आणि दिवसाला किती गाड्या उरकाव्या लागतात ते आमच्या कॉलनीतल्या एकाकडून ऐकलंय. ॲडव्हायजरवर मात्र चिडतो. तुमचं ऐकून लिहिणं एवढंच त्याचं काम, आणि त्याचं अर्धं लक्ष महिन्याच्या टार्गेटवर.

तुमचे साडेअकरा हजार तिथंच गेलेत. फ्री सर्व्हिस म्हणजे मजुरी फ्री, ऑइल-फिल्टरचे पैसे आपलेच. लहान पेट्रोल गाडीत साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं, त्याचे काही साडेअकरा हजार होत नाहीत. तुम्ही दिलेल्या बिलात इंजिन डीकार्ब (आतला कार्बन साफ करणं), एसी डिसइन्फेक्शन आणि अंडरबॉडी कोटिंग आहे. गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल काढा. मागच्या बाजूला किती किलोमीटरला काय करायचं याचा तक्ता असतो. त्यात दीड वर्षाच्या गाडीला डीकार्ब असेल तर मला दाखवा. तक्त्यात नाही ते "नको" म्हणायचं, आणि गाडी सोडतानाच अंदाजे खर्चाचा आकडा कार्डावर लिहून घ्यायचा. त्यापुढं काही निघालं तर फोन करून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही लिहायला लावायचं.

आता मी काय करतो ते सांगतो. तक्रार घरीच कागदावर लिहून नेतो, माझ्या शब्दांत. "ब्रेक चेक" असं नाही, तर "सकाळी पहिले दोन किलोमीटर, हळू वेगात, पुढच्या डाव्या चाकातून किर्र आवाज" असं. ते कार्डावर चढल्याशिवाय सही नाही. मग मोबाइलवर एक व्हिडिओ, गाडीभोवती सावकाश फिरून, चारही दारं, बंपर, शेवटी ओडोमीटर आणि इंधनाचा काटा. ॲडव्हायजरच्या देखतच काढायचा, चोरून नाही. बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवा म्हणून सांगतो. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडं परत जातो, पण आपण पैसे मोजून बदललेला आपला असतो. आणि गाडी ताब्यात घेताना "काम समाधानकारक" वर सही करायच्या आधी बॉनेट उघडायचं, खाली वाकायचं. मागची माणसं कंटाळली तर कंटाळू देत.

फास्टॅगचे मेसेजही बघत जा. आमच्या शेजाऱ्यांची गाडी "वॉशिंगला लागलीय" असं सेंटरवाले सांगत होते, तेवढ्यात शेजाऱ्यांना हायवेवरच्या किणी टोल नाक्याला पैसे कापल्याचा मेसेज आला. आंदोलन करून शहरातला टोल घालवणारं हे गाव, आणि आमच्या शेजाऱ्यांना घरात बसून टोल!

वॉरंटीचं थोडक्यात. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्ती आपल्याच हातात ठेवण्यावरून. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. प्रत्यक्षात आजही वॉरंटी बुकलेटमध्ये अधिकृत ठिकाणी वेळच्या वेळी सर्व्हिस हवी अशी अट असते, आणि उद्या गिअरबॉक्स गेला तर तुम्ही आदेशाचा कागद घेऊन भांडत बसणार का? म्हणून माझा व्यवहारी सल्ला असा की वॉरंटी आहे तोवर ऑइल-फिल्टरची सर्व्हिस तिथंच, पण त्याच कंपनीचं दुसरं सेंटर बघा. पंक्चर, अलाइनमेंट, डेंटिंग बाहेर केलं म्हणून इंजिनाची वॉरंटी जात नाही. वॉरंटी संपली की उद्यमनगर आपलंच आहे.

दाद कशी मागायची? काउंटरवर आवाज चढवून उपयोग नाही, तिथल्या पोरांना त्याची सवय झालेली असते. मी फरशीवरचा डाग, आटे गेलेलं चेंबर आणि गुलमोहराचा फिल्टर यांचे फोटो, बिल आणि जॉब कार्ड असं एका ईमेलमध्ये घालून डीलरच्या वर्क्स मॅनेजरला आणि कंपनीच्या कस्टमर केअरला एकदमच पाठवलं. तक्रार क्रमांक मागून घेतला. तिसऱ्या दिवशी फोन, "या की साहेब, चहा घेऊ, बोलू." आधी म्हणाले आट्यांना सीलंट लावून देतो. मी नाही म्हणालो. शेवटी चेंबर नवं, बोल्ट-वायसर नवं, फिल्टर माझ्यासमोर बसवला, एक पैसा घेतला नाही. त्यातच तो जुना ॲडव्हायजर हळूच जवळ येऊन म्हणाला, "सर, कंपनीकडनं फोन येईल. दहापैकी दहा द्या, नऊ दिलं तरी आमचं मायनसच धरतात." तेव्हा मला कळलं यांना भीती कशाची आहे ती. तुम्हाला तो फोन अजून आला नसेल तर उचला, आणि खरं तेच सांगा.

ईमेलनंही हललं नाही तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथं निकाल लागत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत जाते आणि बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, म्हणजे गाडी पुण्यात सर्व्हिस केली असली तरी कोल्हापुरात. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. मुदत दोन वर्षं. आधी रजिस्टर पोस्टानं एक नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट बघा, तो कागद पुढं उपयोगी पडतो. शब्द "सेवेतील त्रुटी" असाच वापरा. गाडीत मुळातच दोष आहे असं म्हणायला गेलात तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि प्रकरण लांबतं. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात आहे, पण तेवढ्यात लागेल असं धरून चालू नका. साडेअकरा हजारांसाठी तारखा करायच्या का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी बहुधा नोटिशीपर्यंत जाऊन थांबलो असतो.

ओरखड्याचं मात्र अवघड आहे. गाडी देताना फोटो नाही, जॉब कार्डावर "नो डेंट, नो स्क्रॅच" वर त्यांची खूण असेल तरच तुमची बाजू. ते कार्ड आजच मागून घ्या, कॉपी देणं त्यांच्या सिस्टीमला काही जड नाही. आवारात सीसीटीव्ही असतो. अमुक तारखेचं फुटेज जपून ठेवा अशी एक ओळ ईमेलमध्ये टाका. नंतर ते आपोआप पुसलं जातं.

आणि ब्रेक. ॲडव्हायजर अर्धं खरं बोलतोय. रात्रभर पावसात उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला आवाज येतो, तो जातो. तुमचा दिवसभर येतोय. मग चाक काढायला लावा आणि पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये कार्डावर लिहायला सांगा, पुढचे दोन्ही, आतलं आणि बाहेरचं. तीनच्या खाली असेल तर बदलायचे. आतलं पॅड झिजलेलं आणि बाहेरचं जाडजूड निघालं तर कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, पिन अडकलीय, ती साफ करून ग्रीस लावायला अर्धा तास लागतो. शनिवारी जाऊ नका, गर्दी असते. मधल्या वारी सकाळी पहिल्या नंबरला जा आणि चाक निघेपर्यंत तिथून हलू नका.