फिलाडेल्फियाकडचे लोक यंत्रातून पैसे काढण्याला 'टॅप मॅक' का म्हणत? ते अशुद्ध इंग्रजी आहे का?

'मॅक' म्हणजे मनी ॲक्सेस सेंटर. फिलाडेल्फिया नॅशनल बँकेने आपल्या एटीएमच्या जाळ्याला हे नाव दिले, पुढे पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि डेलावेअरमधील इतर बँकाही त्यात आल्या, आणि जिकडेतिकडे तीच अक्षरे दिसू लागल्याने त्या भागात एटीएमला मॅक हेच नाव पडले. साठ्यातून काढून घेणे हा 'टॅप'चा अर्थ इंग्रजीत जुनाच आहे.

अशुद्धतेबद्दल मात्र सविस्तर लिहितो. 1990 च्या दशकात आम्ही फिलाडेल्फियाजवळ राहत असताना माझे मामा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. सांगलीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. एका शुक्रवारी संध्याकाळी मुलगी मैत्रिणींबरोबर सिनेमाला निघाली आणि बूट घालता घालता म्हणाली, "आय हॅव टू टॅप मॅक फर्स्ट." मामांनी तिला दारातच थांबवले आणि वर्गातल्या मुलांकडून म्हणून घ्यावे तसे 'आय हॅव टू विथड्रॉ सम मनी' हे वाक्य तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतले. बाहेर मैत्रिणी गाडीत ताटकळल्या होत्या. आजोबांचा मान राखून तिने ते म्हटले, पण त्यानंतर मामा परत जाईपर्यंत ती त्यांच्याशी इंग्रजीत एक शब्दही बोलली नाही.

रात्री मी म्हणालो, "मामा, तुम्ही सांगलीत 'झेरॉक्स काढून आण' म्हणता, तेही एका कंपनीचेच नाव आहे." त्यावर ते म्हणाले, "मराठीत चालतं रे. इंग्रजीत असलं गावठी बोलायची सवय पोरीला लावू नकोस." हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. ब्रिटनमधला 'कॅशपॉइंट' हा शब्द लॉइड्स बँकेने आपल्या यंत्रांना दिलेले नाव आहे, पण तो लंडनहून आल्यामुळे मामांना तो सभ्य वाटे. विस्कॉन्सिनमध्ये एटीएमला म्हणत ते 'टाइम (TYME) मशीन'ही 'टेक युवर मनी एव्हरीव्हेअर' या नावाच्या आद्याक्षरांतून आले आहे. जिथली इंग्रजी ही रोजची बोली आहे, तिथल्या माणसाचे बोलणे आपल्या शालेय व्याकरणाच्या पुस्तकावरून तपासणे मला उद्धटपणाचे वाटते, आणि वाढत्या वयाच्या मुलीला मैत्रिणींदेखत दुरुस्त करणे तर मुळीच क्षम्य वाटत नाही.

अर्थात हा बोलीतला प्रयोग आहे. अर्जात किंवा बँकेच्या पत्रात तो लिहू नये, आणि त्या भागाबाहेर तो समजेल असेही धरून चालू नये. मॅकचे जाळे पुढे 'स्टार' या दुसऱ्या एटीएम जाळ्यात विलीन होऊन यंत्रांवरून ते नाव गेले, त्यामुळे आता तो बहुधा माझ्या वयाच्या माणसांच्याच तोंडी ऐकू येईल.