लेप्टोमध्ये लघवी भरपूर होत असताना किडनी बिघडते ती कशी?

बाबांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पसरणारा ताप) झालाय, दिवसाला अडीच लिटर लघवी होतेय, तरी डॉक्टर किडनीला मार बसला म्हणतात, हे कसं, असं तुम्ही विचारलंय. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरात हाच प्रश्न होता. मी फोंड्यात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सावईवेऱ्याला माझ्या दिरांनी कुळागरातला (सुपारी-नारळाच्या बागेतला) तुंबलेला पाट अनवाणी साफ केला, टाचांना भेगा होत्या. आठ-दहा दिवसांत ताप, डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देईनात. लघवीची पिशवी भरलेली आणि मशीनवर क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) ४.१, म्हणजे खूप वाढलेलं, आणि पोटॅशियम २.९, म्हणजे उतरलेलं. मी सॅम्पल पुन्हा लावलं. आकडे तेच.

किडनी दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळते आणि त्यातलं ९९ टक्के परत ओढून घेते. हे ओढायचं काम बारीक नळ्यांच्या भिंतीतल्या पेशींचं. लेप्टोचे जंतू नेमके तिथेच ठाण मांडतात. (उंदराच्या किडनीतही तिथेच असतात, म्हणून त्याच्या मुतातून पाण्यात येतात.) जंतूच्या आवरणातलं ग्लायकोलिपोप्रोटीन नावाचं द्रव्य पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं. पंप अडला की सोडियम परत येत नाही, त्याच्याबरोबर पाणीही वाहून जातं. पुढची नळी थोडं सोडियम वाचवू पाहते आणि त्या बदल्यात पोटॅशियम गमावते. पिशवी भरते ती अशी. शिवाय आवरणातली इतर प्रथिनं लागताच नळीच्या पेशी पांढऱ्या पेशींना बोलावून घेतात आणि आजूबाजूला सूज येते. त्यात अंगातलं पाणी कमी झालेलं, रक्तदाब उतरलेला. मग गाळण मंदावते नि क्रिएटिनिन साचतं.

म्हणून नुसती पिशवी बघून निर्धास्त राहू नका. पोटॅशियम फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक घरच्या घरी अजिबात देऊ नका, त्या गोळ्या किडनीला आणखी त्रास देतात. पुढे लघवी कमी झाली आणि डायलिसिस लागलं, तरी हाय खाऊ नका. या नळ्यांच्या पेशी पुन्हा उगवतात, लेप्टोतून वाचलेल्या बहुतेकांची किडनी सावरते. दिरांना दोनदा डायलिसिस लागलं होतं. आज क्रिएटिनिन १ आहे आणि गमबूट घातल्याशिवाय ते कुळागरात उतरत नाहीत.

आज डॉक्टर राउंडला आले की पोटॅशियम रोज बघताय ना, एवढं त्यांना जरूर विचारा.