एकच इन्सेन्टिव्ह सर्वांना का पुरत नाही?

प्रश्न : भोसरीत माझे सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीनवर सुटे भाग बनवणारे छोटे वर्कशॉप आहे. ठरलेल्या नगांपेक्षा जास्त उत्पादन झाल्यास सर्वांना इन्सेन्टिव्ह, अशी योजना मी सुरू केली. तरुण ऑपरेटर खूश आहेत; मात्र जुने सेटर (प्रत्येक नव्या कामासाठी मशीन जुळवून देणारे कारागीर) अलिप्त झाले आहेत आणि तपासणी विभागातील ताईंनी सुपरवायझरपदाची बढती नाकारली. पैसे देऊनही असे का व्हावे?
— एक लघुउद्योजक

उत्तर : पैशाने तक्रार मिटते, परंतु कामाची ओढ लागतेच असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी 1959 मध्ये हाच भेद मांडला. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखतींत नाराजीच्या प्रसंगी कंपनीची धोरणे आणि वरिष्ठांची देखरेख यांचा उल्लेख वारंवार आला, तर समाधानाच्या प्रसंगी हातून पार पडलेले काम, त्याची घेतली गेलेली दखल आणि जबाबदारी यांचा. माणूस यशाचे श्रेय स्वतःकडे घेतो आणि दोष परिस्थितीला देतो, ही या निष्कर्षांवरील हरकत रास्तच आहे. तरीही आपल्या अडचणीत हा भेद उपयोगी पडतो.

आपली योजना केवळ नग मोजते. अवघड जॉबच्या सेटिंगमध्ये सेटरची अर्धी शिफ्ट जाते, त्या वेळात नग निघत नाहीत, आणि ज्याच्या अचूकपणावर इतरांची कमाई उभी राहते त्याचेच काम हिशेबाबाहेर राहते. त्यांच्यासाठी पहिला नग पास होईपर्यंतचा वेळ हा वेगळा निकष ठेवा आणि नवीन जॉबचे फिक्स्चर (भाग मशीनवर घट्ट धरून ठेवणारी जोडणी) ठरवताना त्यांचे मत आधी घ्या. मला तर यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो.

तपासणीतील ताईंची कोंडी याहून गंभीर आहे, कारण त्यांनी रिजेक्ट केलेल्या प्रत्येक नगामागे कोणा सहकाऱ्याचे पैसे कापले जातात, आणि नग पास केला तर त्यांचाही इन्सेन्टिव्ह वाढतो. त्यांचा मोबदला नगसंख्येपासून पूर्णपणे तोडा. बढती नाकारली म्हणजे महत्त्वाकांक्षा नाही, असे समजू नका; दुसऱ्या शिफ्टनंतर घरी पोहोचण्याची अडचण असेल किंवा कालच्या सहकाऱ्यांवर हुकूम चालवणे नको असेल. हे चारचौघांत न विचारता स्वतंत्रपणे विचारा, आणि ‘बढती का नको?’ असा जाब न विचारता ‘या पदात काय बदलले तर जमेल?’ असे विचारा.

तरुणांना मशीनचे प्रोग्रामिंग शिकण्याची संधी द्या; कारण नुसता इन्सेन्टिव्ह लवकरच अंगवळणी पडतो. योजनेतील बदल मात्र पुढील महिन्यापासून लागू करा आणि चालू महिन्याचे पैसे जुन्या अटींनुसारच चुकते करा.