एन्झाइमचे फेरफार शिकायला बसलायस, तर आधी एवढं धर

भावा, शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीला आलास, लई भारी. पण माणसाच्या पेशीत पाचशेवर कायनेज (फॉस्फेट गट बसवणारी एन्झाइमं) आहेत, त्यांची नावं पाठ करत बसू नकोस. फेरफार करणारं एन्झाइम रेणूवर छोटा रासायनिक गट बसवतं किंवा काढतं, म्हणून प्रत्येकाला तीनच प्रश्न विचार: गट कोणता, आला कुठून, बसला कशावर?

ग्लायकोजेन फॉस्फोरिलेज घे, म्हणजे साठवलेलं ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम. कायनेज एटीपी या ऊर्जा देणाऱ्या रेणूच्या टोकाचा फॉस्फेट उचलून फॉस्फोरिलेजच्या चौदाव्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर बसवतं, प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते कामाला लागतं. फॉस्फेटेज तो फॉस्फेट काढून टाकतं. फिशर आणि क्रेब्स या शास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकात हे उलगडलं, नोबेल मिळालं १९९२ मध्ये. हे एक उदाहरण कागदावर स्वतः काढ, निम्मा धडा तिथंच कळतो.

नवी पोरं हमखास चुकतात ते इथं:

- फॉस्फेट बसला म्हणजे एन्झाइम सुरूच झालं, असं धरतात. ग्लायकोजेन बनवणारं ग्लायकोजेन सिंथेज उलट मंदावतं.
- डीएनए मिथिलेशननं (मिथिल गट बसवण्यानं) अक्षरांचा क्रम बदलतो असं समजतात. सायटोसीन हे डीएनएचं अक्षर सायटोसीनच राहतं, फक्त त्याच्या पाचव्या कार्बनवर मिथिल गट येतो, तोही एस-ॲडेनोसिल मिथिओनीन या मिथिल देणाऱ्या रेणूकडून.
- हिस्टोनचं मिथिलेशन आणि डीएनएचं मिथिलेशन एकच मानतात. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो ते प्रथिन आहे रे!

प्रयोगशाळेत पेशी फोडल्यावर नमुना बर्फावरच ठेव आणि फॉस्फेटेज रोखणारं द्रावण आधीच घाल, नाहीतर मोजायच्या आत फॉस्फेट गायब.

युबिक्विटिन (छोटं प्रथिन जोडणं), ग्लायकोसायलेशन (साखर जोडणं) हे बाकीचे फेरफार पुढच्या सत्राला बघू. अडलं तर संध्याकाळी खर्डेकर ग्रंथालयात गाठ.