लहान आयटी कंपनीत मालकाला ‘नाही’ कसे म्हणायचे?

“मुलगा वीस-बावीस माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिथे त्याचे काही भले होईल का?” ठाण्यातील माझ्या समुपदेशन केंद्रात हा प्रश्न पालक वारंवार विचारतात, आणि थोड्या वेगळ्या शब्दांत ती मुलेही विचारतात. ऐरोली ते महापे या पट्ट्यात नामांकित कंपन्यांच्या काचेच्या इमारती रोज नजरेस पडतात. त्याच रस्त्यावरच्या एखाद्या छोट्या कार्यालयात बसणाऱ्याला आपण मागे राहिलो असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र माझ्याकडे येणाऱ्यांच्या त्रासाचे मूळ मला बहुधा दुसरीकडे सापडते. अशा ठिकाणी मालक आणि कर्मचारी यांच्यामध्ये कोणीच नसते, आणि मालकाची काळजी नकळत कर्मचाऱ्याच्या उरावर येऊन बसते.

अलीकडच्या एका प्रकरणातून हे सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कळव्यात राहणारा, तिशीच्या आतला हा तरुण महापे येथील एका लहान कंपनीत होता. मालवाहतूकदारांना बिले, गाड्यांचा हिशेब आणि ई-वे बिल (माल नेताना सोबत लागणारा, सरकारी पोर्टलवर तयार होणारा दाखला) यांसाठी लागणारे सॉफ्टवेअर ही कंपनी बनवते. पहिल्या भेटीला त्याचे वडील सोबत आले होते. वागळे इस्टेटमधील ज्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षे काढली तो बंद पडला होता, त्यामुळे ‘कंपनी बुडाली तर?’ ही त्यांची भीती कल्पनेतली नव्हती. अशा भीतीला धीराचे शब्द पुरत नाहीत, कागद दाखवावे लागतात.

म्हणून आधी कागद पाहिले. २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत भविष्य निर्वाह निधी बंधनकारक असतो. मुलाने उमंग या सरकारी ॲपवर या निधीचे पासबुक उघडून वडिलांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा वर करून एकेक ओळ वाचली आणि लगेच बोट ठेवले : मालकाचा वाटा मुलाच्या वाट्यापेक्षा कमी का? मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के रक्कम, १५ हजार रुपयांच्या वेतनमर्यादेत म्हणजे महिना जास्तीत जास्त १,२५० रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जाते आणि पासबुकात ती वेगळ्या रकान्यात दिसते, हे दाखवल्यावर त्यांचा आवाज उतरला. पगारपत्रकावर कपात दिसते पण पासबुकात जमा दिसत नाही, अशी स्थिती असती तर मी त्या तरुणाला दुसरी नोकरी शोधायला त्याच दिवशी सांगितले असते. तिथे मालकाच्या स्वभावाची चर्चा करण्यात अर्थ नसतो. पगार एखाद्या महिन्यात आठवडाभर लांबणे आणि ते आधी सांगितले जाणे, ही गोष्ट मी त्या तोडीची मानत नाही.

पुढच्या भेटीला तो एकटा आला. बोलताना टेबलावर पालथा ठेवलेला त्याचा मोबाईल सतत थरथरत होता आणि प्रत्येक वेळी त्याचे वाक्य अर्ध्यावर तुटत होते. झोप नीट लागत नाही, रविवारीही मन कार्यालयातच असते, असे तो सांगत होता. ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा माल राज्याबाहेर न्यायचा तर ई-वे बिल हवे, आणि गाड्या सुटतात रात्री. साहजिकच ग्राहकांचे फोनही रात्रीच येतात. ते सगळे याच्याच क्रमांकावर येत, कारण सुरुवातीपासून हा कंपनीत होता आणि सगळे याला ठाऊक होते.

“सरांशी, म्हणजे मालकांशी, बोललात का?” असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, मागच्या वर्षी आमचे पगार करायला त्यांनी घरचे दागिने गहाण ठेवले. बाबा रुग्णालयात होते तेव्हा ते रात्रभर माझ्यासोबत बसले होते. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू की रात्री फोन घेणार नाही?”

खरी गाठ इथे होती. मोठ्या कंपनीत मालकाचे कर्ज कर्मचाऱ्याला कळत नाही. इथे एकाच खोलीत बसून बँकेशी चाललेले बोलणे रोज कानावर पडते. ही कृतज्ञता खोटी आहे, ती सोडून द्या, असा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. माणुसकीने वागलेल्या माणसाची जाण ठेवणे हा या तरुणाचा गुणच होता, पण ती जाण झोप मोडून फेडण्याची काहीच गरज नव्हती. शिवाय सगळे ज्ञान एकाच डोक्यात असणे कंपनीसाठीच धोक्याचे होते, हे त्याच्या लक्षात आल्यावर त्याची अपराधी भावना पहिल्यांदा सैल झाली.

मी त्याला रात्रीच्या प्रत्येक फोनची नोंद ठेवायला सांगितले : वेळ, ग्राहक, काम. त्या वहीतून जे निघाले ते आम्हा दोघांनाही अनपेक्षित होते. बरेचसे फोन एकाच कामाचे होते. गाडी वाटेत बंद पडते, माल दुसऱ्या गाडीत भरला जातो आणि ई-वे बिलाच्या ‘भाग ब’मध्ये नवा गाडी क्रमांक टाकल्याशिवाय पुढे निघता येत नाही. हे ग्राहकाचा कारकून शिकवल्यास स्वतः करू शकतो. काही फोन सरकारी पोर्टल बंद असतानाचे होते, ज्यावर त्याच्याकडे तसाही इलाज नव्हता.

ही वही घेऊन तो सरांकडे गेला. काय बोलायचे याचा सराव आम्ही आधी केला होता. तक्रारीने सुरुवात न करता वहीने करायची, आणि मागणी एकच ठेवायची. सरांचे पहिले वाक्य होते, “म्हणजे तूही सोडून चाललास का?” त्याने शांतपणे सांगितले, “नाही सर, पण असेच चालले तर मला सोडावे लागेल, आणि ते मला नको आहे.”

आता रात्रीचे फोन तिघे पाळीपाळीने घेतात आणि गाडी क्रमांक बदलण्याची चित्रफीत ग्राहकांना पाठवली जाते. पगारवाढ मात्र पुन्हा पुढे ढकलली गेली आहे. दरम्यान ऐरोलीतील एका मोठ्या कंपनीची मुलाखत त्याने दिली आणि ते सरांना आधी सांगितले. वडील त्या नोकरीच्या बाजूने आहेत, त्याचा स्वतःचा निर्णय अजून झालेला नाही. सध्या तो रोज थोडा वेळ काढून आपल्याला ठाऊक असलेले काम कनिष्ठ सहकाऱ्यासाठी लिहून ठेवतो आहे.